जागा संपली की डिस्क घाला: एका सोयीस्कर मताचा प्रतिवाद

संगणकगृहांचा कारभार पाहणाऱ्या मंडळींत अलीकडे एक मत इतके रूढ झाले आहे, की त्याला हरकत घेणाऱ्याची गणना एकदम जुनाट, संशयखोर आणि संस्थेच्या वाटेत आडवे येणाऱ्या माणसांत होते. ते मत असे, की सर्व्हरच्या सामायिक साठ्यात, म्हणजे या धंद्यात ज्याला 'पूल' म्हणतात त्यात, जागेचा विचार आगाऊ करण्याचे आता कारण उरलेले नाही. आज लागतील तेवढ्याच डिस्क घ्याव्यात, जागा संपत आली की बाजारातून एक डिस्क आणून रिकाम्या खणात बसवावी, एक आज्ञा द्यावी आणि निश्चिंत व्हावे, पुढचे सारे यंत्र पाहून घेईल. हे मत अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणे अगत्याचे झाले आहे.

प्रतिपक्षाची बाजू प्रथम तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. लिनक्सच्या गाभ्यात रेड-फाइव्ह पद्धतीच्या, म्हणजे एक डिस्क गेली तरी मजकूर तगवणाऱ्या, संचाला एक डिस्क जोडून तो चालू स्थितीत रुंद करण्याची सोय 2006 साली 2.6.17 या आवृत्तीत आली. ओरॅकलच्या एएसएम या साठा-व्यवस्थापकाने, डिस्क घातल्याबरोबर जुना मजकूर सर्व डिस्कांवर समप्रमाणात पुन्हा वाटण्याचा शिरस्ता आपल्या 10जी आवृत्तीपासूनच पाडला. सेज वाइल यांनी सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करीत असताना जिचा पाया घातला त्या सेफ नावाच्या व्यवस्थेत नवी डिस्क आली, की कोणता तुकडा कोठे राहावा याचे गणित नव्याने मांडले जाते आणि त्या डिस्कच्या वाट्याला येईल तेवढाच मजकूर स्थलांतर करतो. आणि विंडोज सर्व्हर 2016 मधील स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट तर कोणाला न विचारताच पात्र डिस्क साठ्यात ओढून घेते. या सर्वांत झेडएफएस तेवढी हट्ट धरून बसली होती. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी घडवलेल्या आणि 2005 साली सोलारिसमध्ये दाखल झालेल्या या व्यवस्थेत रेड-झेड पद्धतीचा गट एकदा जितक्या डिस्कांचा बांधला तितक्याच डिस्कांचा राहत असे. तीही अडचण ओपनझेडएफएसच्या 2.3 आवृत्तीने जानेवारी 2025 मध्ये दूर केली. मग प्रतिपक्ष विचारतो, आता तक्रारीला जागा कोठे आहे? डिस्कांचे भाव वर्षागणिक उतरतात, तेव्हा आज न लागणारी जागा आज घेणे म्हणजे उद्या स्वस्त मिळणारा माल आज महाग घेणे. शिवाय लहान संस्थेच्या तिजोरीला सहा डिस्कांचा एकरकमी खर्च झेपत नाही.

या साऱ्या युक्तिवादाच्या मुळाशी, उच्चार न करता, एक समजूत बसवलेली आहे: डिस्क घालणे म्हणजे जागा वाढवणे, याहून त्या क्रियेत काही नाही. ही समजूत एका यंत्राच्या एकट्या डिस्कपुरती ठीक आहे. सामायिक साठ्यात डिस्क शिरते तेव्हा जागा वाढते हे खरे, परंतु त्याचबरोबर साठ्याची घटनाच पालटते. किती डिस्क एकाच वेळी निकामी झाल्या तरी मजकूर तगेल, लेखनाचा भार यापुढे कोणावर पडेल, आणि उद्या मन पालटल्यास मागे फिरता येईल की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका आज्ञेने कायमची लिहिली जातात, आणि ज्यांचा मजकूर त्या साठ्यात आहे अशा लेखा विभागाला, ग्रंथालयाला किंवा प्रयोगशाळेला त्याची वार्ताही नसते. आपल्याकडे 1956 च्या कायद्याने यथाविधि झालेले दत्तक पुढे कोणालाही रद्द करता येत नाही. झेडएफएससारख्या व्यवस्थेत डिस्क घेणे हे पुष्कळ वेळा त्या दत्तकविधानाच्या जातीचे कृत्य असते, आणि प्रतिपक्ष मात्र त्याला पाहुण्यासाठी आणखी एक पाट मांडण्याइतके किरकोळ समजतो.

झेडएफएसचेच उदाहरण थोडे विस्ताराने घेऊ, कारण या वादात तिचाच दाखला अधिक दिला जातो. तिथे साठा हा गटांचा बनलेला असतो आणि गट डिस्कांचे. डिस्क गेली तरी मजकूर राहील ही हमी गटाच्या पोटात असते. साठ्याच्या पातळीवर ती मुळीच नसते. येणारा मजकूर सर्व गटांत विभागून लिहिला जात असल्यामुळे, कोणताही एक गट समूळ गेला की बाकीचे गट कितीही धडधाकट असोत, साठा बुडतो. आता साठ्यात भर घालण्याच्या दोन आज्ञा आहेत. 'झेडपूल ॲटॅच' या आज्ञेने असलेल्या गटात डिस्क दाखल होते. 'झेडपूल ॲड' या आज्ञेने साठ्यात स्वतंत्र नवा गट उभा राहतो. ज्या साठ्यात सहा डिस्कांचा, दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी न डगमगणारा रेड-झेड-टू गट आहे, तिथे पहिल्या आज्ञेऐवजी दुसरी दिली गेली, तर त्या भरभक्कम गटाच्या शेजारी एक एकटी डिस्क गट म्हणून येऊन बसते, आणि त्या क्षणापासून साऱ्या संस्थेच्या दफ्तराचे आयुष्य त्या एका डिस्कच्या आयुष्याएवढे होते.

व्यवस्था हे निमूटपणे होऊ देत नाही, हे तिच्या कर्त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. नव्या गटाची सुरक्षितता जुन्याशी जुळत नाही अशी हरकत ती स्पष्ट शब्दांत नोंदवते आणि सक्तीचा पर्याय दिल्याखेरीज पुढे जात नाही. परंतु साठा काठोकाठ भरलेला, सकाळी कामकाज सुरू व्हायचे आणि दूरध्वनीवर वरिष्ठ ताटकळत थांबलेले, अशा घडीला मनुष्य हरकत वाचीत नाही. हरकत ओलांडायची वाट कोणती, तेवढेच वाचतो. एकदा आज्ञा पार पडली की घेतलेला गट परत काढण्याची सोय 2019 पासून आहे खरी, पण साठ्यात एक जरी रेड-झेड गट असला तरी ती चालत नाही, म्हणजे जिथे चूक सर्वांत घातक तिथेच ती निरुपयोगी ठरते. मग दोनच उपाय उरतात: त्या एकट्या डिस्कला दुसरी डिस्क जोडून तिची मिरर-जोडी, म्हणजे एकच मजकूर दोन्हींवर राखणारी जोडी, करावी आणि ते विसंगत कुटुंब तसेच चालवावे, किंवा सारा मजकूर अन्यत्र नेऊन साठा मोडून पुन्हा बांधावा.

यावर उत्तर तयार असते, की ही माणसाची चूक झाली, तिचा दोष मताच्या माथी का मारता? कारण त्या चुकीची वेळ हे मतच मुक्रर करते. आज्ञा प्रत्यक्ष न बजावता तिचा परिणाम कागदावर पाहण्याची सोय झेडएफएसमध्ये आहे. साठ्याची आजची अवस्था खुणेने राखून ठेवून प्रसंगी तिच्याकडे माघारी जाण्याची सोयही आहे. या दोन्ही सोयी ज्याला उसंत आहे त्याच्यासाठी आहेत, आणि "जागा संपली की घाला" या सिद्धांताचा गाभाच असा, की परत न फिरवता येणारा निर्णय उसंत संपल्यानंतर घ्यावा. "बॅकअप आहेच की" हे आश्वासनही मी पुष्कळ ऐकले आहे. चाळीस टेराबाइटांचा मजकूर एक गिगाबिटाच्या वाहिनीवरून परत आणायचा झाला, तर ती वाहिनी अखंड आणि पूर्ण वेगाने वाहिली तरी साडेतीन दिवसांहून अधिक काळ लागतो, हा हिशेब ते आश्वासन देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मांडलेला असतो.

आता 2025 च्या त्या बहुचर्चित सोयीकडे वळू. अहरेन्स यांनी 2017 मध्ये, फ्रीबीएसडी फाउंडेशनच्या पाठबळाने, हे काम हाती घेतल्याचे जाहीर केले आणि ते लोकांच्या हाती पडायला त्यानंतर सात वर्षांहून अधिक काळ गेला. प्रतिपक्ष या विलंबाला दिरंगाई म्हणतो. मला तो कारागिरीचा पुरावा वाटतो. गटात नवी डिस्क आली की जुना सारा मजकूर नव्या रुंदीवर क्रमाने पसरवला जातो, हे चालू असताना साठा वापरात राहतो, सुरक्षितता एका क्षणालाही कमी होत नाही, मध्येच एखादी डिस्क निकामी झाली तर काम थांबते आणि गट पूर्ववत झाल्यावर पुढे चालू लागते, वीज गेली तरी जिथे थांबले तिथून पुन्हा सुरू होते. इतकी दक्षता ज्यांनी घेतली त्यांच्याच नावाने बेफिकिरीचा पुरस्कार व्हावा, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

कारण ही सोय काय करीत नाही हे तिच्या कर्त्यांनी कोठेही लपवलेले नाही. ती पॅरिटीची, म्हणजे गेलेल्या डिस्कचा मजकूर परत काढून देणाऱ्या जादा भागांची, संख्या वाढवीत नाही: एक डिस्क गेली तर सांभाळून घेणारा गट कितीही रुंद केला तरी एकच डिस्क सांभाळतो. आणि ती जुन्या मजकुराचे पॅरिटीशी असलेले प्रमाणही पालटत नाही. दहा-दहा टेराबाइटांच्या चार डिस्कांचा एका पॅरिटीचा गट घ्या. त्यात मजकुराच्या तीन भागांमागे पॅरिटीचा एक भाग पडतो. त्यात अठ्ठावीस टेराबाइट मजकूर भरल्यावर, म्हणजे गळ्याशी आल्यावर, पाचवी डिस्क घातली, तर यापुढचा मजकूर चारास एक या प्रमाणाने लिहिला जाईल. पण ते अठ्ठावीस टेराबाइट पाचही डिस्कांवर पसरूनही तिनास एक हेच प्रमाण जपून बसतील, आणि पहिल्यापासून पाच डिस्कांचा गट बांधला असता तर जी सुमारे 2.3 टेराबाइट कच्ची जागा वाचली असती ती जुन्या पॅरिटीत अडकून राहील. ती सोडवायची तर मजकूर नव्याने लिहिला पाहिजे. नव्याने लिहिला, आणि संस्थेने महिनोन्‌महिन्यांचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या मजकुराच्या गोठवलेल्या अवस्था, राखलेले असले, तर जुने ठोकळे स्नॅपशॉटांच्या ताब्यात आणि नवे ठोकळे शेजारी, अशी दुप्पट जागा लागते. म्हणजे जागा वाचवण्यासाठी आधी जागा हवी. भरीस भर म्हणून वापरलेल्या जागेचा हिशेब व्यवस्था जुनेच प्रमाण धरून सांगते, त्यामुळे डिस्क घातल्यावर आकडे अपेक्षेशी जुळत नाहीत आणि कारभारी आठवडाभर नसलेल्या गळतीचा तपास करीत बसतो. चाराचे पाच, पाचाचे सहा, सहाचे सात असे टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या साठ्यात प्रत्येक काळचा मजकूर आपापल्या काळचे प्रमाण अंगावर वागवीत असतो, आणि असा साठा नेमका किती भरला आहे हे सांगायला कारकुनाऐवजी इतिहाससंशोधक लागतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. 1988 साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी, जिच्यावर आजच्या सर्व सामायिक साठ्यांची उभारणी झाली ती रेडची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी आरंभीच एक निष्ठुर भागाकार वाचकापुढे ठेवला होता. एका डिस्कचे सरासरी आयुष्य तीस हजार तास धरले आणि अशा शंभर डिस्क कोणत्याही आधारावाचून एकत्र जोडल्या, तर त्या संचाचे आयुष्य तीनशे तास, म्हणजे दोन आठवड्यांहूनही कमी ठरते. पॅरिटीची योजना आली ती या भागाकारावर तोड म्हणून. डिस्कांची संख्या वाढवीत जाणे आणि पॅरिटी तेवढीच ठेवणे म्हणजे तीच तोड हप्त्याहप्त्याने परत करणे होय. आजच्या डिस्क अधिक टिकाऊ आहेत हे मान्य. परंतु 2007 साली श्रोडर आणि गिब्सन यांनी मोठमोठ्या संस्थांतील डिस्क बदलण्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा, उत्पादकांच्या पत्रकांवरून वर्षाला शेकडा एकाहूनही कमी डिस्क बदलाव्या लागाव्यात असे निघत असताना, प्रत्यक्षात शेकडा दोन ते चार हे प्रमाण सर्रास आणि क्वचित तेरापर्यंत आढळले. शेकडा तीनच धरा. चार डिस्कांच्या गटात वर्षभरात निदान एक डिस्क जाण्याचा संभव शेकडा अकरा-बारा येतो. नऊ डिस्कांच्या गटात तो शेकडा चोवीस होतो, म्हणजे जवळजवळ चार वर्षांतून एक वर्ष. आणि डिस्क गेल्यावर तिच्या जागी आलेली वीस टेराबाइटांची डिस्क सेकंदाला दोनशे मेगाबाइटांच्या अखंड वेगाने भरली तरी सुमारे अठ्ठावीस तास लागतात. चालत्या साठ्यावर त्याहून कितीतरी अधिक. एवढा वेळ एका पॅरिटीचा गट अगदी उघडा असतो, आणि त्या वेळात उरलेल्या प्रत्येक डिस्कला आपला सारा मजकूर वाचून द्यावा लागतो.

ज्या कारभाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी "नऊ डिस्कांना एक पॅरिटी" असा मसुदा ठेवला असता, त्याने तो तिथल्या तिथे फेटाळला असता. त्याच मसुद्यावर तो पाच वर्षांत पाच हप्त्यांनी सही करतो, आणि प्रत्येक सहीच्या वेळी त्याला वाटते की आपण फक्त एक डिस्क घातली. माझ्या मते या सिद्धांतावरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. शिवाय त्या पाचव्या वर्षी पहिल्या चार डिस्कांचे वय पाच वर्षांचे झालेले असते, आणि गट रुंद करण्याच्या कामात जुना मजकूर वाचून देण्याचे श्रम त्या म्हाताऱ्या डिस्कांनाही करावे लागतात.

"यंत्र पाहून घेईल" या आश्वासनाचेही मोल तपासले पाहिजे. झेडएफएसमध्ये नवा गट घातला तर जुना मजकूर जागचा हलत नाही. नवे लेखन मोकळ्या जागेच्या प्रमाणात वाटले जात असल्यामुळे भरलेल्या जुन्या गटाशेजारी रिकामा नवा गट आला की बहुतेक भार त्या नव्या गटावरच जातो, आणि दोन गटांच्या वेगाची अपेक्षा करणाऱ्याच्या हाती एकाचाच वेग पडतो. एएसएम आणि सेफ मजकूर हलवतात, हे प्रतिपक्षाने बरोबर सांगितले. तो कशाने हलवतात हे सांगितले नाही. त्याच डिस्कांनी, त्याच वाहिनीवरून, त्याच वेळी, ज्या वेळी संस्थेचे लोक आपले काम करू पाहत असतात. म्हणूनच एएसएममध्ये या फेरवाटपाचा जोर कमी-अधिक करण्याचे परिमाण ठेवावे लागले आणि सेफचे जाणते चालक डिस्क घालण्यापूर्वी फेरवाटप तहकूब करून, सवडीच्या घटकेला ते थोडेथोडे सोडतात. सेफचे मूळ दंडक तर या वादाचा निकालच लावतात. डिस्क शेकडा 85 भरली की सेफ इशारा देते, 90 भरली की स्थलांतर करून येणारा मजकूर त्या डिस्कवर घेण्याचे नाकारते, आणि 95 भरली की साठ्यावरचे लेखनच बंद पाडते. स्वयंचलित व्यवस्था आपले काम करू शकते ती साठ्यात हालचालीला मोकळीक असेल तेव्हा, आणि ती मोकळीक राखणे म्हणजे जिला प्रतिपक्ष निरर्थक म्हणतो तीच आगाऊ तजवीज.

भावांविषयी थोडेच लिहितो. डिस्कांचे भाव दीर्घकाळात उतरले आहेत यात शंका नाही; पण संस्थेला डिस्क दीर्घकाळात घ्यायची नसते, जागा संपेल त्या आठवड्यात घ्यायची असते. 2011 च्या अखेरीस थायलंडमध्ये महापूर आला, डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटल कंपनीचे तिथले कारखाने पाण्याखाली गेले, आणि जगभर हार्ड डिस्कांचे भाव काही आठवड्यांत कडाडले. त्या हंगामात ज्यांच्या साठ्यात एका वर्षाची जागा शिल्लक होती ते स्वस्थ राहिले आणि बाकीच्यांनी मागेल तो भाव मोजला.

भावापेक्षाही, तीच डिस्क पुन्हा मिळेल हा भरवसा अधिक पोकळ आहे. एप्रिल 2020 मध्ये असे उघडकीस आले, की वेस्टर्न डिजिटलच्या, सामायिक साठ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेतील दोन ते सहा टेराबाइटांच्या काही डिस्कांत, ग्राहकाला न कळवता, एकमेकांवर अंशतः चढणाऱ्या पट्ट्यांची लेखनपद्धती वापरली जात होती. वेष्टन तेच, नाव तेच, आत पद्धत निराळी. एकट्या यंत्रात अशी डिस्क निमूट चालते. झेडएफएसच्या गटात जुन्या डिस्कच्या जागी ती भरायला घेतली तेव्हा, इतर डिस्कांना जे काम एका दिवसाच्या आत जमले त्याला एका जाहीर चाचणीत तिला नऊ दिवसांहून अधिक काळ लागला. कंपनीला पुढे जुन्या पद्धतीच्या डिस्कांची 'रेड प्लस' अशी वेगळी मालिका करावी लागली. ज्यांनी सर्व डिस्क एका वेळी, तपासून घेतल्या होत्या, त्यांना हा प्रश्न पडलाच नाही. तो पडला एकेक डिस्क घालणाऱ्यांना. याच जातीच्या बारीक अडचणी आणखी आहेत: जुना गट 512 बाइटांच्या खंडांवर बांधलेला आणि बाजारात 4096 बाइटांच्या खंडांच्या डिस्क, किंवा दोन्ही डिस्कांवर चार टेराबाइटांचीच मोहर, पण नवी डिस्क जुनीहून काही मेगाबाइटांनी लहान निघाल्यामुळे गटाने तिला दारातूनच परत पाठवणे.

राहिला लहान संस्थेचा मुद्दा. प्रतिपक्षाचा हाच मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण त्यात आळस नसून अडचण आहे. तालुक्याच्या गावचे महाविद्यालय किंवा एखादी सहकारी पतसंस्था सहा डिस्क एकदम घेऊ शकत नाही, हे मला पूर्णतः मान्य आहे. पण अशा संस्थेला एकेक डिस्क घालण्याचा सल्ला देणे हे तिच्या गरिबीवर आणखी एक जोखीम लादणे आहे. तिने साठाच मिरर-जोड्यांचा बांधावा. अशा साठ्यात दोन-दोन डिस्कांची भर घालता येते. नवी जोडी जुन्या जोडीएवढीच असली पाहिजे असे बंधन नाही. डिस्क गेल्यास तिच्या एका सोबतिणीवरून नवी भरली जाते, साऱ्या गटाला वाचन करावे लागत नाही. आणि साठ्यात रेड-झेड गट नसल्यामुळे घेतलेली जोडी परत काढण्याची 2019 ची ती सोयही तिला लागू पडते. निम्मी जागा प्रतींत खर्च होते, ही किंमत आहे, आणि ती थोडी नाही. परंतु ती पहिल्या दिवशी दिसते, वहीत लिहिता येते आणि सभेपुढे मांडता येते.

खरे पाहता या सिद्धांताची लोकप्रियता तांत्रिक नाहीच. एक डिस्क किरकोळ खर्चाच्या अधिकारात बसते. सहा डिस्क आणि त्यांचा कप्पा घ्यायचा म्हटले की तजवीज, दरपत्रके, निविदा, समिती आणि वरिष्ठांची मंजुरी असा सारा इतमाम आलाच, आणि तोवर 31 मार्च उलटून तरतूद बुडण्याचे भय. त्या कटकटीतून सुटण्याची पळवाट म्हणून एकेक डिस्कचा मार्ग पत्करला जातो आणि मग त्याला आधुनिक पद्धतीचे नाव दिले जाते. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनी मात्र, वरिष्ठांची मंजुरी चुकवण्यासाठी मालाच्या मागणीचे लहान लहान तुकडे पाडण्यास स्पष्ट मनाई केलेली आहे. त्या नियमांचा कर्ता डिस्कांचा विचार करीत नसेल. परंतु एकूण मागणीचा अंदाज एकदाच आणि उघडपणे मांडा, हे त्याचे म्हणणे सामायिक साठ्याला अक्षरशः लागू आहे.

माझी मागणी अवास्तव नाही. साठा शेकडा सत्तर भरला की त्याच आठवड्यात भर घालण्याची तजवीज लेखी मांडली जावी. भर घालायची ती पूर्ण गटाची किंवा पूर्ण जोडीची असावी, आणि गट रुंदच करायचा झाला तर रुंदी वाढल्यावर किती डिस्क गेल्या तरी निभावेल हा आकडा तजविजीत पहिल्या ओळीत असावा. आज्ञेचा परिणाम आधी कागदावर काढून, ज्यांचा मजकूर त्या साठ्यात आहे त्या प्रत्येक विभागाच्या प्रमुखाची त्यावर सही घ्यावी. आणि सक्तीचा पर्याय वापरायची वेळ आलीच, तर तो कोणी, कोणाच्या हुकमाने आणि किती वाजता वापरला, हे त्याच रात्री वहीत नोंदवावे. ज्यांना हे जाचक वाटते त्यांच्याशी वाद पुढे चालवण्यास मी तयार आहे. फक्त त्यांनी आरंभी एवढे सांगावे, की आपल्या साठ्याचा पूर्ण बॅकअप परत भरून त्यांनी शेवटचा कोणत्या तारखेला पाहिला.